वैजूच्या बाई

प्रभाताईंनी स्टीलचा डबा पुढं केला. आत घड्या घातलेल्या चिठ्ठ्या होत्या. "घे शालन, देवाचं नाव घे आणि उचल एक," त्या म्हणाल्या. मी देवाचं नाव घेतलं, चिठ्ठी उचलली, उघडली, आणि देवावरचा माझा विश्वास तिथंच थोडा उडाला. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'अनौपचारिक गप्पा. विषय : माझी आई.'

जैबुन माझ्या शेजारीच उभी होती. तिला 'भाज्या' हा विषय आला होता. तिनं माझ्या खांद्यावरून वाचलं आणि पदर तोंडाशी धरला.

"हसू नकोस," मी म्हटलं.

"हसत न्हाई गं. पर एवढ्या चिठ्ठ्यांत तुलाच ही यावी?"

"बदलून दे की मग."

"आणि परीक्षेच्या मॅडमना कळलं म्हंजे? दोघी मिळून घरी बसू. मला माझी वांगी-बटाटी सुखानं विकू दे बाई."

आम्ही दोघी विट्याच्या त्या महिला मंडळाच्या बालवाडीत मदतनीस होतो. वर्ग झाडायचा, मुलांची नाकं पुसायची, कुणी चड्डीत केली तर धुवायची, रडणाऱ्याला कडेवर घेऊन अंगणात फिरवायचं. मग मंडळानं ठरवलं की जूनपासून फक्त बालवाडी शिक्षिकेचं प्रमाणपत्र असलेल्याच बायका ठेवायच्या. नशीब एवढंच, की तो अभ्यासक्रम दुपारी तिथंच चालायचा आणि आम्हांला बसू दिलं. वर्षभर बसलो, सकाळी मुलांपुढं सरावाचे पाठ घेतले. लेखी पेपर झाले. आता राहिला होता तो शेवटचा पाठ, कोल्हापूरहून आलेल्या परीक्षक बाईंसमोर. तो साधला तर मी शिक्षिका, नाही तर जूनपासून मी कोणीच नाही.

आणि कोणीच नसणं मला परवडणारं नव्हतं. आमचे हे मागावर कामाला होते. कापसाच्या धुरळ्यात वर्षानुवर्षं उभं राहून छाती गेली, आणि दिवाळीपासून ते मिरजेच्या बाजूला सॅनिटोरियममध्ये होते. मी संध्याकाळी घरी रहाटावर मागाच्या कांड्यांवर सूत भरून द्यायची. त्यावर मीठमिरची निघायची, दोन पोटं नाही भरायची. दर रविवारी मी एस.टी.नं त्यांना भेटून यायची. गेल्या रविवारी डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावून काही सांगितलं होतं. ते मी अजून कुणाजवळही बोलले नव्हते.

तर चिठ्ठीतला विषय 'माझी आई', आणि माझी अडचण अशी, की पाठाच्या त्या वर्गात माझी स्वतःची मुलगी बसलेली होती.

खरं तर तसा नियमच होता, की पाठाला स्वतःचं मूल वर्गात नको. आदल्या वर्षी एका बाईचा मुलगा ऐन पाठात जाऊन तिच्या गळ्यात पडला आणि काही केल्या उतरेना. परीक्षकांनी विचारलं, "तुम्ही शिक्षिका आहात की आई?" ती बिचारी काहीतरी पुटपुटली आणि नापास झाली. तेव्हापासून प्रभाताई या बाबतीत फार कडक. पण मी वैजूला ठेवणार कुठं? घरात माणूस नाही, शेजारणी सगळ्या मागावर. प्रभाताई आमच्या मुख्य बाई, त्यांनी चार दिवस विचार केला आणि म्हणाल्या, "आण तिला. पण एक लक्षात ठेव. फाटकाच्या आत तू तिची आई नाहीस. तिनं तुला बाई म्हणायचं. तूही तिला इतर मुलांसारखंच वागवायचं, रेसभर कमी नाही की जास्त नाही."

वैजू तेव्हा चार वर्षांची होती. मला वाटलं, या वयाच्या पोरीला हे कसं काय जमायचं? फाटकाशी उभं राहून मी तिला सांगितलं, "हितनं आत मी बाई. बाहेर आलो की आई. खेळ आहे आपला." पहिल्या दिवशी दोनदा चुकली. दुसऱ्या दिवशी एकदा. त्यानंतर पुन्हा कधी चुकली नाही. 'तुमी' म्हणायची, 'बाई, पाणी प्यायला जाऊ?' विचारायची. इतर शिकाऊ बायका तिचं कौतुक करायच्या. मीही करायची.

पुढं पुढं तर ती घरी येऊन मला बाईंच्या गोष्टी सांगायला लागली. "आई, आज बाईंनी मगरीची गोष्ट सांगितली." मी भाकरी थापत म्हणायची, "हो का? मग काय झालं?" "बाईंनी माझी पानाची भिंगरी सगळ्यांना दाखवली." "अगंबाई." मला हसू यायचं. मजा वाटायची. पण ती हे सगळं बोलायची ते भाकरीच्या वेळेपुरतंच. नंतर मी रहाट घेऊन बसायची. रहाटाची घरघर सुरू झाली की आमच्या त्या पत्र्याच्या खोलीत दुसरं काही ऐकू यायचं नाही, आणि कांड्या मोजून सकाळी पोचवायच्या असायच्या.

चिठ्ठी हातात घेऊन मी प्रभाताईंकडे गेले. "ताई, वैजूला जरा ऑफिसात बसवू? तेवढ्या वेळापुरतं?"

त्यांनी वर्गाकडे बोट केलं. "मुलं बघितलीस किती आहेत?"

गावात गोवराची साथ होती. निम्मा वर्ग अंगावर लिंबाचा पाला घेऊन घरी झोपला होता. जी मुलं आली होती ती पाठाला लागतात जेमतेम तेवढीच, त्यांतलं एक जरी कमी झालं तरी परीक्षक पाठ घेऊ देणार नव्हत्या. पाठ रद्द म्हणजे पुढच्या वर्षी.

"तिला विचारूच नकोस काही," प्रभाताई हळू आवाजात म्हणाल्या. "बाकीच्यांना विचार, वेळ भरून काढ. आणि शालन, पदर नीट कर."

वर्गात सतरंजीवर मुलं गोल करून बसली होती. परीक्षक राजोपाध्ये मॅडम मागं खुर्चीवर होत्या. वय झालेलं, पांढरे केस, चष्मा नाकाच्या टोकावर, चेहरा मात्र मायाळू. खवट असत्या तर बरं झालं असतं, असं मला नंतर वाटलं. आम्हांला वर्षभर शिकवलं होतं ते मी मनात घोकत होते. मुलांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसायचं. मुलाचं बोलणं पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलायचं नाही. 'चूक' म्हणायचं नाही. मुलाला खोटं सांगायचं नाही. या चार गोष्टींवर अर्धे गुण असतात, असं प्रभाताई सांगायच्या.

मी खाली बसले. बाहुली काढली, तिला आईची साडी नेसवली होती. गप्पा सुरू झाल्या, आणि खरं सांगते, छान चालल्या. अस्लमची आई मागावर जाते आणि तिच्या केसांत कापूस असतो. मंगलची आई फार घोरते. एकाची आई गरोदर होती, तो म्हणाला आईच्या पोटात बाळ आहे पण ते दार उघडत नाही. मॅडम हसल्या. माझा धीर वाढला.

मग अस्लमनं नेहमीची तक्रार केली. "बाई, आई माझ्या कानात तेल ओतती. तुमी तिला सांगा."

"सांगते हं."

हे आमच्याकडे रोजचंच होतं. मुलं घरचं गाऱ्हाणं बाईंकडे आणायची, आणि सुटताना फाटकावर बाई त्या त्या आईला सांगायच्या. आयाही ऐकायच्या. नवऱ्याचं नाही ऐकायच्या, पण 'बाईंनी सांगितलंय' म्हटलं की ऐकायच्या. मुलांना ते पक्कं ठाऊक होतं. बाईंपुढं आईचं काही चालत नाही, असा त्यांचा हिशेब.

वैजू पिवळ्या फ्रॉकात समोरच बसली होती. मी तिच्याकडे बघतच नव्हते. नजर तिच्यापाशी आली की डावीकडे वळवायची. तिनं हात वर केला होता, तो मला दिसत होता. तिनं दुसरा हात पहिल्याला टेकू म्हणून लावला, तेही दिसत होतं.

"बाई," मागून राजोपाध्ये मॅडम म्हणाल्या, "त्या पिवळ्या फ्रॉकातल्या मुलीला मघापासून काही सांगायचंय. तिला घ्या ना."

खिडकीशी उभ्या प्रभाताईंनी बाहेर बघायला सुरुवात केली.

मी वैजूकडे वळले. "सांग, वैजू. तुझी आई कशी आहे?"

माझी सगळी भीती एवढीच होती की ती 'आई' म्हणून माझ्या अंगावर झेपावेल. ती जागची हललीसुद्धा नाही. शिकवलं होतं तशी मांडी घालून, हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत म्हणाली, "बाई, माझी आई बहिरी हाय."

दोन-तीन मुलं हसली. मी मध्ये बोलू शकत नव्हते. मुलाचं बोलणं पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलायचं नाही.

"तिला ऐकू येत न्हाई. मी बोलती, आणि ती रहाट फिरवती. मी मोठ्यानं बोलती, तरी रहाटच फिरवती." ती थांबली. मला वाटलं, संपलं. पण ती फक्त थुंकी गिळत होती. "मग मी तिला सांगत न्हाई. तुमाला सांगायला ठेवती. तुमाला ऐकू येतं."

मागं मॅडमचं पेन चालू असल्याचा आवाज येत होता.

"मी तिला रोज इचारती, बाबा कवा येणार. ती बोलतच न्हाई. बाई, तुमी तिला इचारा ना. न्हाईतर तुमीच सांगा. तुमाला म्हाईत हाय का, बाबा कवा येणार?"

आता ती थांबली. माझी पाळी आली होती.

रविवारी व्हरांड्यात डॉक्टर म्हणाले होते, "बाई, दोन्ही फुफ्फुसं गेली आहेत. आता औषधानं काही व्हायचं नाही. आठ-पंधरा दिवस म्हणा, महिना म्हणा." मी खाली मान घालून 'बरं' म्हटलं होतं, जणू डॉक्टरांनी मला गाडीची वेळ सांगितली होती. आणि रोज संध्याकाळी वैजूचा प्रश्न मला ऐकू येत होता. चांगला ऐकू येत होता. मी रहाट जोरात फिरवायची.

मला तिला उचलून पोटाशी धरायचं होतं. माझे हात खरोखरच पुढं झाले होते, पण त्यांत ती साडी नेसवलेली बाहुली होती. पोरीला उचललं की सगळं संपलं असतं. शिक्षिका की आई, विचारायचीही गरज पडली नसती. 'येतील हं लवकर' म्हटलं असतं तर खोटं झालं असतं, आणि खरं म्हणावं तर सगळा वर्ग कान देऊन बसला होता. मी बाईच राहिले.

"मला माहीत करून घ्यावं लागेल, वैजू," मी म्हटलं. "मी तुझ्या आईला भेटते आणि विचारते."

"आजच?"

"आजच."

"मोठ्यानं बोला हं," ती म्हणाली, आणि समाधानानं मागं सरकून बसली.

पाठ पुढं कसा संपला ते मला आठवत नाही. शेवटी आईचं गाणं म्हटलं असणार, कारण तसं ठरलं होतं.

तोंडी परीक्षेला राजोपाध्ये मॅडमनी मला समोर बसवलं, चहा दिला. "उत्तम घेतलात पाठ," त्या म्हणाल्या. "त्या मुलीच्या वेळी मी मुद्दाम बघत होते. दुसरी कोणी असती तर गप्प बसवून पुढं गेली असती, किंवा थाप मारली असती. तुम्ही शांतपणे ऐकलंत. तुमच्यात ते उपजत आहे."

मी बशीतल्या चहाकडे बघत होते.

"तिचे वडील कुठं असतात?"

"दवाखान्यात आहेत. बरे होणार नाहीत."

"अरेरे. आणि ती आई खरंच बहिरी आहे?"

"नाही. कामात असते."

"मग तिच्याशी बोला, शालनबाई. आजच गृहभेट घ्या. अशिक्षित असेल, गांजलेली असेल, मान्य आहे. पण मुलाला काहीच न सांगणं हे फार वाईट. मूल एकटं पडतं. तिला समजावून सांगा की लहान लहान शब्दांत, जेवढं पेलेल तेवढं खरं सांगायचं. सांगाल ना?"

"हो मॅडम."

"त्या आईला राग येईल कदाचित. येऊ द्या."

"हो मॅडम," मी पुन्हा म्हटलं. प्रभाताई कपाटात काहीतरी शोधत होत्या, त्यांनी मान वर काढली नाही. बाहेर आल्यावर जैबुननं विचारलं, "काय म्हणाल्या?" मी म्हटलं, "पास." ती माझ्या गळ्यात पडली आणि मग मी एवढी का रडतेय ते तिला कळेना.

फाटकाबाहेर आल्यावर वैजूनं माझा हात धरला. "आई," तिनं मोठ्यानं, अगदी ओरडूनच सांगितलं, "आज बाई आपल्या घरी येणार हायेत."

"हळू बोल. मला ऐकू येतं."

तिनं माझ्याकडे शंकेनं बघितलं. वाटेत मी तिला सांगायला दोनदा तोंड उघडलं. एकदा समोरून सायकल आली. दुसऱ्यांदा समोरून काहीच आलं नाही, तरी मला बोलता आलं नाही. रस्त्याच्या कडेला मी तिच्यासमोर बसले, अगदी डोळ्यांच्या पातळीवर, आणि म्हटलं, "वैजू, मीच बाई आहे ना गं. मला विचार."

"तू आई हायेस," ती म्हणाली. "खेळ संपला की."

घरी आल्यावर पाठाची निळी साडी सोडून मी घरातली नेसले आणि चूल पेटवली. वैजूनं खोली आवरायला घेतली. अंथरुणं भिंतीशी रेटली, रहाटावर फडकं टाकलं, पाण्याचा तांब्या भरून उंबऱ्याशी ठेवला. मग स्वतः उंबऱ्यावर बसली. गल्लीत कुणाचं पाऊल वाजलं की उठून बघायची. दिवेलागण झाली. मागांचा खडखडाट चालू होता. मी म्हटलं, "वैजू, जेवून घे." ती म्हणाली, "बाई आल्या की." मी म्हटलं, "नसतील येत आज." त्यावर ती माझ्याकडे वळलीच नाही. बाईंनी कधी दिलेला शब्द मोडला नव्हता.

तिच्या त्या पाठीकडे किती वेळ बघत राहणार? मी चुलीतली लाकडं मागं ओढली. निळी साडी पुन्हा नेसले, पिना लावल्या, केसांवरून कंगवा फिरवला. मागच्या दारानं मोरीशेजारून बाहेर पडले आणि गल्लीला वळसा घालून पुढून आले. वाटेत शेजारच्या कोंडाबाई भेटल्या. "आत्ता कुटं गं निघालीस नटून?" त्यांनी विचारलं. "गृहभेटीला," मी म्हटलं, आणि त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

वैजू मला बघून ताडकन उभी राहिली. तिला माहीत होतं की नव्हतं, हे मला आज इतक्या वर्षांनीही सांगता येत नाही. मी तिला पुढं कधी विचारलंही नाही. तिनं मला पाणी दिलं. मग घराकडे तोंड करून हाक मारली, "आई, बाई आल्या." चुलीपाशी कोणी नव्हतं. तिनं थोडं थांबून माझ्याकडे बघितलं. "ऐकू येत न्हाई तिला," म्हणाली. "तुमी बसा."

मी उंबऱ्यावर बसले. ती माझ्यासमोर बसली, मांडी घालून.

"म्हाईत झालं का तुमाला?"

"झालं."

"मग?"

वर्षभर शिकलेले सगळे लहान लहान शब्द मी गोळा केले. ते मोजकेच निघाले. "वैजू, बाबांचं दुखणं फार मोठं आहे. डॉक्टरांनी खूप औषधं दिली. पण ते बरं होत नाही. बाबा आता घरी येणार नाहीत, बाळा."

"मोठ्या सुट्टीत?"

"नाही. तेव्हापण नाही."

"कवाच न्हाई?"

"कधीच नाही."

ती रडली नाही. फ्रॉकच्या टोकाची सुरळी केली, सोडली, पुन्हा केली. मी तिला जवळ घ्यायला हात पुढं केला, तर ती उठली. आत, चुलीच्या अंधाराकडे एकदा नीट बघून घेतलं. मग माझ्या कानाशी तोंड आणलं आणि ओरडायची सवय मोडून अगदी हळू म्हणाली,

"बाई, आईला सांगू नका."